मेलेला हात आणि जिवंत गरज : अनुदानाच्या अर्जामागचा इतिहास

१/ एखाद्या वाचनालयाने, रात्रशाळेने किंवा पाळणाघराने अनुदानासाठी अर्ज करणे ही आज नित्याची गोष्ट आहे. पण तो अर्ज वाचतो कोण? त्याला तो अधिकार कोणी दिला? आणि ज्याचा पैसा आहे तो दाता हयात नसेल, तर त्याच्या इच्छेचा अर्थ कोणी लावायचा? या तीन प्रश्नांभोवती गेली दोनशे वर्षे वाद झाले, कायदे झाले, अर्जदार रस्त्यावरही उतरले. आजचा धागा त्या इतिहासाचा आहे. बोस्टनहून निघून तो पर्वतीच्या रमण्यावरून क्लीव्हलँडला जातो आणि मुंबईत येऊन थांबतो.

२/ आरंभ एका जुन्या शब्दाने करू. इंग्रजी कायद्यात ‘मॉर्टमेन’ ही संज्ञा आहे. मूळ फ्रेंचमध्ये तिचा अर्थ ‘मेलेला हात’. चर्चच्या ताब्यात गेलेली जमीन पुन्हा कधी सुटत नसे आणि तिच्यावरचे राजाचे व सरदारांचे उत्पन्न बुडे. म्हणून पहिल्या एडवर्डने १२७९ मध्ये अशा दानावर निर्बंध आणणारा कायदा केला. पुढे या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. दाता निधन पावतो, पण मृत्युपत्रातल्या अटींच्या रूपाने त्याची मूठ पैशावर आवळलेलीच राहते.

३/ याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. १७९० मध्ये त्याचे निधन झाले. बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्याने प्रत्येकी १,००० पौंड ठेवले. अट अशी होती की, ही रक्कम २५ वर्षांखालच्या विवाहित तरुण कारागिरांना ५ टक्के व्याजाने कर्जाऊ द्यावी. कर्जदाराने त्याच शहरात उमेदवारी पूर्ण केलेली असावी आणि दोन प्रतिष्ठित नागरिकांनी त्याला जामीन राहावे. ही व्यवस्था दोनशे वर्षे चालावी, अशी त्याची इच्छा होती. फ्रँकलिन स्वतः छापखान्यात उमेदवारी करून वर आलेला होता. आपल्यासारख्या मुलांना हात द्यावा, हा हेतू निर्मळच होता.

४/ पण कारखाने आले आणि उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे उमेदवारी करण्याची पद्धतच लोप पावत गेली. अटींत बसणारा कर्जदार मिळेना. पैसा वाढत राहिला, पण ज्यांच्यासाठी तो ठेवला होता ती माणसे उरली नाहीत. बोस्टनने पहिल्या शतकानंतरच्या वाट्यातून तंत्रशिक्षणाची संस्था उभी केली, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचे झाले. फ्रँकलिनसारखा द्रष्टाही शंभर वर्षांपुढचे पाहू शकला नाही, मग इतरांचे काय?

५/ दुसरे उदाहरण सेंट लुईस शहराचे. तिथले माजी महापौर ब्रायन मुलनफी १८५१ मध्ये वारले. आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा त्यांनी एकाच कामासाठी ठेवला होता : पश्चिमेकडे वस्ती करण्यासाठी निघालेल्या आणि सेंट लुईसमध्ये अडकलेल्या गरीब स्थलांतरितांना मदत. १८६७ मध्ये त्या निधीतून स्थलांतरितांसाठी भव्य वास्तू उभी राहिली. दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, अमेरिकेचे दोन्ही किनारे रेल्वेने जोडले गेले. बैलगाड्यांचे तांडे थांबले. शहरात गरिबी होतीच, पण ती मृत्युपत्रात लिहिलेल्या प्रकारची नव्हती.

६/ मुलनफींच्या मृत्युपत्राच्याच काळात हाच पेच पुण्यातही उभा होता, तोही एका मोठ्या दानव्यवस्थेत. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावी सुरू केली. पुढे ती पेशव्यांकडे आली आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाऊ लागली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. तेव्हा एल्फिन्स्टनने ही प्रथा एकदम मोडली नाही. निधीचा काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवण्यात आला.

७/ १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारक तरुणांनी सरकारकडे एक अर्ज केला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख त्यांच्या अग्रभागी होते. दक्षिणेच्या पैशातला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा आणि ते सर्व जातींना खुले असावे, अशी त्यांची मागणी होती. महाराष्ट्राच्या इतिहासात सार्वजनिक निधीचा हेतू बदलून मागणारा इतका स्पष्ट अर्ज त्याआधी क्वचितच झाला असेल. दाता केव्हाच काळाच्या पडद्याआड गेला होता. प्रश्न होता तो त्याच्या पैशावर हयात समाजाचा हक्क किती, हा.

८/ सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांना धमक्या आल्या. तेव्हा जोतीराव फुले आपल्या महार-मांग साथीदारांना घेऊन त्यांच्या रक्षणार्थ उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अर्ज मान्य झाला आणि १८५१ मध्ये ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ अस्तित्वात आली. मराठी ग्रंथांना आणि भाषांतरांना या समितीच्या बक्षिसांनी बळ दिले. मेलेल्या हाताची मूठ अर्जाने सैल करता येते, हे पुण्याने दाखवून दिले.

९/ पण गोष्ट इथे संपत नाही. १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. अज्ञानी कुणबी दांपत्याला धर्माच्या नावाने लुबाडले जाते आणि शिक्षण हाच त्यावरचा उपाय आहे, हा त्याचा विषय. ते त्यांनी याच समितीकडे बक्षिसासाठी पाठवले. समितीने ते नाकारले. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नमूद केले. त्यांच्या हयातीत ते नाटक छापून आले नाही.

१०/ या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. निधी खुला झाला, हेतू बदलला, नियमही उदार झाले. ज्याने अर्जदारांचे रक्षण केले तो स्वतः अर्जदार झाला, तेव्हा मात्र तो दाराबाहेर राहिला. कारण निवड करणाऱ्या माणसांत त्याच्या समाजाचा कोणी नव्हता. दात्याची मूठ सुटली, तरी पैसा समितीच्या मुठीत जाऊ शकतो. म्हणून दानाच्या इतिहासात ‘किती पैसा’ या प्रश्नाइतकाच ‘समितीवर कोण’ हा प्रश्नही मोलाचा आहे.

११/ आता क्लीव्हलँडला जाऊ. पुण्याच्या घटनांशी त्याचा थेट संबंध नाही, पण हेच दोन प्रश्न तिथे एकत्र सोडवण्याचा प्रयत्न झाला. १९१० च्या जनगणनेनुसार क्लीव्हलँड हे अमेरिकेतले सहावे मोठे शहर होते. पोलाद, जहाजे, युरोपातून येणारे मजूर आणि दाटीवाटीच्या वस्त्या. फ्रेडरिक गॉफ हे वकील १९०८ पासून ‘क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी’ या बँकेचे अध्यक्ष होते. अनेकांची मृत्युपत्रे आणि विश्वस्त निधी बँकेच्या कपाटात पडून असत. जुन्या अटींत गोठलेला पैसा ते रोज पाहत होते.

१२/ २ जानेवारी १९१४ रोजी बँकेच्या संचालक मंडळाने एक ठराव केला आणि ‘क्लीव्हलँड फाउंडेशन’ जन्माला आले. जगातले पहिले कम्युनिटी फाउंडेशन ते हेच. कल्पना साधी होती. शहरातल्या लहानमोठ्या अनेक दात्यांचे निधी एकत्र ठेवायचे. गुंतवणूक बँकेने सांभाळायची. उत्पन्न कोणत्या कामाला द्यायचे, हे मात्र बँकेने नव्हे, तर नागरिकांच्या समितीने ठरवायचे. आणि दात्याने सांगितलेला हेतू कालबाह्य झाला, तर तो बदलण्याचा अधिकारही या व्यवस्थेतच ठेवायचा.

१३/ समितीची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. सदस्य पाच. दोन बँकेने नेमायचे, एक महापौराने, एक वारसाहक्क न्यायालयाच्या आणि एक संघीय जिल्हा न्यायालयाच्या ज्येष्ठ न्यायाधीशाने. सर्व सदस्य शहराचे रहिवासी असावेत आणि त्यांना शहराच्या गरजांची जाण असावी. एकाच धर्मपंथाचे दोनांहून अधिक सदस्य नसावेत. राजकीय पदावर असलेला किंवा त्या पदाची आस धरणारा माणूस समितीवर चालणार नाही. नेमणारे हात वेगवेगळे ठेवण्यामागचा हेतू उघड आहे : पैसा कोणा एकाच्या मुठीत जाऊ नये.

१४/ या रचनेतही उणिवा होत्या. नेमणारे सारे शहराच्या वरच्या थरातले होते. पोलादाच्या भट्टीवरच्या मजुराला समितीवर माणूस पाठवण्याचा मार्ग नव्हता. तरीही एक मोठी गोष्ट साधली. कोणाला द्यायचे, हा निर्णय मृत दात्याकडून हयात नागरिकांकडे आला, आणि ते नागरिक कसे निवडायचे याचा लेखी नियम झाला. नियम लिहिलेला असला, की त्यावर बोट ठेवता येते. पुढच्या पिढ्यांनी तेच केले.

१५/ सुरुवातीला प्रतिष्ठानाकडे वाटायला पैसाच नव्हता, कारण मृत्युपत्रे करणारे दाते अजून हयात होते. मग गॉफ यांनी दुसरे काम हाती घेतले : शहराची पाहणी. १९१५-१६ मध्ये लिओनार्ड एअर्स यांच्या नेतृत्वाखाली शाळांची पाहणी झाली आणि तिचे २५ खंड प्रसिद्ध झाले. १९२२ मध्ये शहरातल्या फौजदारी न्यायव्यवस्थेचा अहवाल आला. रॉस्को पाउंड आणि पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले फेलिक्स फ्रँकफर्टर त्याचे सूत्रधार होते. पैसा येण्याआधी गरज मोजली गेली.

१६/ ही कल्पना झपाट्याने पसरली. १९१५ मध्ये शिकागो आणि बोस्टन, १९२१ मध्ये कॅनडातले विनिपेग. विनिपेगला विल्यम अ‍ॅलोवे या सावकारी पेढीच्या मालकाने १ लाख डॉलर दिले. १९२४ मध्ये तिथे एक पाकीट आले. आत पाच-पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी होती, देणाऱ्याचे नाव नव्हते. बायबलातल्या गरीब विधवेच्या दानाची आठवण म्हणून ती देणगी त्याच नावाने ओळखली जाते. १५ डॉलर देणाराही आणि लाख डॉलर देणाराही एकाच निधीचा दाता ठरला. या संस्थेला ‘कम्युनिटी’ हे नाव का शोभते, ते इथे कळते.

१७/ १९६९ मध्ये अमेरिकेने करकायदा बदलला. एका घराण्याच्या पैशावर चालणारी खासगी प्रतिष्ठाने आणि लोकांच्या व्यापक देणग्यांवर चालणाऱ्या सार्वजनिक संस्था यांच्यात स्पष्ट रेषा ओढली गेली. कम्युनिटी फाउंडेशन दुसऱ्या बाजूला राहू शकले, पण आपल्याला खरोखरच अनेकांचा आधार आहे, हे हिशेबाने दाखवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. अनुदान मागणाऱ्या संस्थेकडून हिशेब घेणाऱ्यालाही हिशेब द्यावा लागतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८/ भारतात हे रूप मुंबईत आले. १९९१ मध्ये स्थापन झालेले ‘बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट’ हे देशातले पहिले कम्युनिटी फाउंडेशन मानले जाते. त्याआधीच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने राज्यातले न्यास धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आणले होते. न्यासाचा मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाले, तर न्यायालयाने त्याच्या जवळचा हेतू ठरवून द्यावा, अशी तरतूद त्याच्या कलम ५५ मध्ये आहे. फ्रँकलिनच्या निधीला जे जाचत होते, त्यावरचा हा आपल्याकडचा उपाय.

१९/ हा इतिहास अर्ज करणाऱ्या छोट्या संस्थेला काय शिकवतो? पहिली गोष्ट : पैसा कोणत्या कप्प्यातला आहे, ते आधी विचारा. अशा प्रतिष्ठानात साधारणपणे तीन कप्पे असतात. एक मुक्त निधी, ज्यावर समितीचा पूर्ण अधिकार असतो. दुसरा विषयनिहाय निधी. उदाहरणार्थ, केवळ आरोग्यासाठी किंवा केवळ मुलींच्या शिक्षणासाठी. तिसरा हयात दात्याच्या सल्ल्याने वाटला जाणारा निधी. नवख्या संस्थेला वाव असतो तो मुख्यतः पहिल्या दोहोंत. विषयाबाहेरचा अर्ज कितीही उत्तम असला तरी तो बाजूला पडतो.

२०/ दुसरी गोष्ट : भूगोल. कम्युनिटी फाउंडेशन एका शहराशी किंवा जिल्ह्याशी बांधलेले असते. आपले काम त्या हद्दीत कुठे चालते, कोणत्या वस्तीत, किती घरांत, हे नेमके लिहावे. मोठ्या राष्ट्रीय संस्थेपुढे छोट्या स्थानिक संस्थेचे खरे बळ हेच आहे. क्लीव्हलँडच्या समितीवर शहराचे रहिवासीच हवेत, ही अट याच कारणाने होती. गल्ली ओळखणारा माणूस गल्लीतली गरज लवकर ओळखतो.

२१/ तिसरी गोष्ट : गरज मोजून दाखवा. एअर्स यांच्या २५ खंडांचा धडा तोच आहे. ‘आमच्या भागात शिक्षणाची फार दुरवस्था आहे’ या वाक्यावर समिती काय ठरवणार? त्याऐवजी रात्रशाळेत जूनमध्ये किती मुले आली, दिवाळीनंतर किती उरली, गळालेल्यांपैकी किती जण कामाला लागले, हे पटावरून काढून लिहावे. हे आकडे बाहेरच्या कोणाकडे नसतात. ते फक्त आपल्याच हजेरीपटात असतात. असा अर्ज समितीला शहराविषयी काही नवे सांगतो आणि म्हणून लक्षात राहतो.

२२/ चौथी गोष्ट : अंदाजपत्रक आणि कागदपत्रे. एकदाच होणारा खर्च आणि दरमहा होणारा खर्च वेगळा दाखवा. अनुदान संपल्यावर पगार कुठून येणार, याचे उत्तर आधीच तयार ठेवा. सोबत नोंदणीचे प्रमाणपत्र, विश्वस्तांची यादी, मागील काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, पॅन, आयकराच्या १२ए-बी आणि ८०-जी खालील नोंदणी आणि अर्ज करण्याविषयीचा कार्यकारिणीचा ठराव लागण्याची शक्यता असते. विश्वस्त बदलले असतील, तर तो बदल धर्मादाय कार्यालयात नोंदवलेला असावा. अनेक अर्ज गुणवत्तेवर नव्हे, तर अशा अपुऱ्या कागदांवर अडतात.

२३/ परदेशी पैशाबाबत एक सावधगिरी. विदेशी अंशदान नियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेले परदेशी अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. म्हणजे प्रतिष्ठानाकडे परदेशातून आलेली रक्कम असली, तरी ती अनुदान म्हणून आपल्याकडे येऊ शकत नाही. त्यामुळे निधी देशी आहे की परदेशी, हा प्रश्न अर्जापूर्वीच विचारावा. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

२४/ पाचवी गोष्ट : पैसे मिळाल्यानंतरचे. खर्चाची पावती त्याच दिवशी चिकटवावी, मुदतीत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे आणि जे साधले नाही तेही अहवालात लिहावे. ठरवलेल्या कामात बदल करावासा वाटला, तर आधी लेखी परवानगी घ्यावी. हेतू बदलण्याचा अधिकार समितीला असतो, अर्जदाराला नसतो. एका वर्षाचा चोख अहवाल हाच पुढच्या वर्षीच्या अर्जाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

२५/ आणि अर्ज नाकारला गेला तर? कारण विचारावे. विषय जुळला नाही, की कागद अपुरे होते, की निधीच संपला होता? या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. पण त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारण्याचा हक्क नागरिकांना आहे : समितीवर कोण आहे, त्यांची नेमणूक कोण करते आणि आमच्या वस्तीची माहिती असलेला कोणी तिच्यात आहे का? ‘तृतीय रत्न’ नाकारले गेले ते कागद अपुरे होते म्हणून नव्हे. असे नकार अर्ज सुधारून टळत नाहीत. त्यासाठी समिती बदलावी लागते.

२६/ म्हणून अनुदानाचा अर्ज म्हणजे हात पसरणे नव्हे. १७९० मध्ये माणसाला वाटले, की पुढच्या दोनशे वर्षांच्या गरजा आपण आजच लिहून ठेवू शकतो. १८४९ मध्ये पुण्याच्या तरुणांनी ते नाकारले. १९१४ मध्ये क्लीव्हलँडने त्याची रीतसर व्यवस्था लावली. त्या व्यवस्थेत समितीला अधिकार आहे, पण आजची गरज तिला घरबसल्या कळत नाही. ती कोणीतरी लिहून कळवावी लागते. वस्तीत काम करणारी संस्था अर्ज लिहिते तेव्हा ती हेच करत असते.

२७/ आपल्या गावातही एखादा जुना न्यास असेल : धर्मशाळेसाठी, पाणपोईसाठी, गरीब विद्यार्थ्यांच्या वारासाठी ठेवलेला. त्याचा मूळ हेतू काय होता, आज ते काम चालते का आणि त्याचे विश्वस्त कोण आहेत, हे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदींत पाहता येते. शोधून पाहा आणि सापडले तर या धाग्याखाली अवश्य लिहा. स्थानिक इतिहासाचे एक मोठे दालन तिथे बंद पडले आहे, ते आपल्यापैकीच कोणीतरी उघडायचे आहे. धागा समाप्त.